गुरगुरण्याचा अधिकार

जबलपूरच्या नेपियर टाउनमधील एखादे जुने मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. पुढे लहानशी बाग, मग ओसरी, ओसरीच्या कोपऱ्यात दुमडून टाकलेली सतरंजी आणि तिच्यावर अकरा वर्षांचा एक कुत्रा. त्याचे तोंड पांढरे झाले आहे. उठताना मागचे पाय थरथरतात. फाटकाचा आवाज आता त्याला उशिरा ऐकू येतो. या घरात माघातल्या एका संध्याकाळी पुठ्ठ्याच्या खोक्यातून एक पिल्लू येते. परगावी नोकरीला असलेल्या मुलाने सुट्टीवर येताना ते आणलेले असते. खोके उघडले जाते, पिल्लू धडपडत बाहेर पडते, घर हसते आणि कुणीतरी म्हणते, ‘बरे झाले, म्हाताऱ्याला सोबत झाली.’ पिल्लू थेट सतरंजीपाशी जाते आणि म्हाताऱ्याच्या तोंडाला तोंड लावते. तो गुरगुरतो. त्याबरोबर दोन-तीन आवाज एकदम उठतात, ‘ए! लहान आहे ते!’ म्हातारा मान खाली घालतो. पिल्लाला कुणीतरी उचलून कडेवर घेते.

घडले ते एवढेच. अशा प्रसंगाला नैतिक प्रश्न म्हणावे काय, अशी शंका कुणी घेतली तर ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. कुत्र्यांच्या रुसव्याफुगव्यांवर नीतिशास्त्र खर्ची घालावे इतके ते स्वस्त झालेले नाही. तथापि या दृश्यात एक गोष्ट अशी आहे की, जी पुढेपुढे माणसांच्या घरांतही दिसत राहते: ज्याने काहीच ठरवले नाही त्याला दटावले गेले, आणि ज्यांनी सर्व काही ठरवले ते निर्दोष राहिले.

‘सोबत’ हा शब्द प्रथम तपासला पाहिजे. सोबत कुणाची, आणि कुणाला? म्हाताऱ्या कुत्र्याने ती मागितली नव्हती. अकरा वर्षे त्याला माणसांची सोबत होती आणि ती त्याला पुरत होती, असेच त्याच्या वागण्यावरून कुणालाही म्हणावे लागेल. सोबत हवी होती ती घराला. मुलगा दूर गेला आहे, आईवडील एकटे पडले आहेत, घरात धावपळ हवी आहे. आणखी एक कारण आहे, जे सहसा उच्चारले जात नाही: हा कुत्रा आता फार दिवसांचा नाही. त्याच्यामागे येणारी पोकळी भरण्याची तजवीज तो डोळ्यांदेखत असतानाच केली जात आहे. पिल्लू त्याच्या सोबतीला आलेले नाही. ते त्याच्या जागी आलेले आहे, थोडेसे आधी. हे कारण मनाशी धरण्यात पाप नाही. दुःखाची आगाऊ बेगमी माणूस करतोच. पण ती बेगमी ‘तुझ्यासाठीच आहे’ असे ज्याच्या मरणासाठी ती आहे त्यालाच सांगणे, यात जी लबाडी आहे तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. कुत्र्याला शब्द कळत नाहीत म्हणून ती लबाडी कमी होत नाही. उलट प्रतिवाद नसल्यामुळे ती अधिक सोपी होते.

पिल्लाचीही संमती कुणी घेतलेली नसते, हे येथे विसरून चालणार नाही. कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयी भारत सरकारने २०१७ साली जे नियम केले त्यांनुसार ८ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. या मर्यादेमागे एक निरीक्षण आहे. अमेरिकेतील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर जे दीर्घकाळ काम केले आणि १९६५ साली ग्रंथरूपाने मांडले, त्यातून असे दिसले की, साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यादरम्यान पिल्लाचे मन जगासाठी उघडे असते. या काळात जे भेटते ते त्याचे होते. त्यानंतर जे भेटते त्याचे भय वाटू लागते. म्हणजे पिल्लू आईपासून तुटते तेव्हा ते अगदी ऐन उघडेपणात असते, आणि त्या उघडेपणानेच ते म्हाताऱ्याच्या सतरंजीकडे जाते. ते उद्धट नसते. त्याला आईची ऊब आठवत असते, आणि त्या घरात त्या उबेचा वास असलेला एकच देह असतो.

तेव्हा सतरंजीवर समोरासमोर आलेले हे दोघेही आणले गेलेले आहेत. एक अकरा वर्षांपूर्वी, दुसरा आज. पहिल्याचा दावा काळाचा आहे, दुसऱ्याचा असहायतेचा. या दोन दाव्यांचा निवाडा करण्याची जबाबदारी तिसऱ्यावर येते, आणि हा तिसरा म्हणजेच आणणारा. न्यायाधीश स्वतःच प्रकरणाचे मूळ असावा, ही कोणत्याही न्यायासनासाठी अडचणीची गोष्ट आहे.

महाभारताने हे दोन्ही दावे ओळखले होते. त्या महाग्रंथाच्या आरंभी आणि शेवटी कुत्रा यावा, हा योगायोग मानणे कठीण आहे. आदिपर्वात जनमेजयाच्या सत्राच्या ठिकाणी सरमेचे पिल्लू जाते आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. त्याने हविर्द्रव्याला जीभ लावलेली नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. रडत आलेल्या पिल्लाला घेऊन सरमा यज्ञमंडपात जाते, कारण विचारते, उत्तर मिळत नाही, आणि ती शाप देते. परक्या अंगणात निरपराध शिरलेल्या लहानाला ज्यांचे अंगण आहे त्यांनी मारले, असा हा प्रसंग आहे. आणि ग्रंथकाराचा कल लहानाकडे आहे. महाप्रस्थानिक पर्वात नेमके उलटे घडते. तेथे कुत्रा नवा नाही. हस्तिनापूर सोडल्यापासून तो मागे चालत आलेला आहे. द्रौपदी पडली, चार भाऊ पडले, तो पडला नाही. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्यासह स्वर्गात प्रवेश नाही असे सांगतो. युधिष्ठिर स्वर्ग नाकारतो. (पाणिनीने श्वान, युवा आणि इंद्र यांना एकाच सूत्रात बसवले म्हणून पुढच्या रसिकांनी त्या वैयाकरणाची पुष्कळ थट्टा केली, या पर्वापुरते पाहता पाणिनीचा काही अपराध दिसत नाही.)

युधिष्ठिराच्या युक्तिवादात दोन शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत: भक्त आणि शरणागत. भक्ताचा त्याग आणि शरण आलेल्याला भयाच्या हाती देणे, ही दोन्ही पातके तो एकाच तोलाची मानतो. त्याच्यासमोरचा कुत्रा एकाच वेळी भक्तही आहे आणि शरणागतही. त्यामुळे त्याला निवड करावी लागली नाही. स्वर्ग सोडणे अवघड असले तरी ते सरळ होते. नेपियर टाउनच्या ओसरीवर हे दोन शब्द दोन देहांत विभागले गेले आहेत. सतरंजीवरचा भक्त आहे, खोक्यातला शरणागत आहे, आणि एकाला जवळ घ्यावे तर दुसऱ्याला आपण टाकले गेलो असे वाटते. धर्मराजाने दोन्ही पातके सांगितली. ती परस्परांच्या आड आली तर काय करावे ते सांगितले नाही. संतचरित्रांतही येथे आधार मिळत नाही. नामदेवांची भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. परंतु ते कुत्रे भाकरी घेऊन निघून गेले. ते घरात राहायला आले नव्हते, आणि घरात आधीचे कुणी नव्हते.

येथे एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. टाकले गेल्याची भावना कुत्र्याला असते, हे माणसाचे आरोपण नव्हे काय? सवतीमत्सर आणि भाऊबंदकी हे आपले विषय. ते मुक्या प्राण्यावर लादणे हा कवींचा जुना छंद. हा आक्षेप काही वर्षांपूर्वी जितका बलवान होता तितका आता राहिलेला नाही. व्हिएन्ना येथे फ्रीडेरिके रांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात फार बोलका आहे. दोन कुत्रे शेजारी बसवले, दोघांनाही पंजा देण्यास सांगितले. दोघांनाही खाऊ मिळत राहिला तोवर दोघेही पंजा देत राहिले. एकाला खाऊ आणि दुसऱ्याला काहीच नाही, असे होऊ लागल्यावर दुसऱ्याने काही वेळाने पंजा देणे थांबवले. तोच कुत्रा एकटा असताना, खाऊ न मिळताही, बराच अधिक वेळ पंजा देत राहिला. म्हणजे खाऊ न मिळणे हे दुःख नव्हते. शेजाऱ्याला मिळतो आणि आपल्याला नाही, हे दुःख होते. आणि या प्रयोगाचा खरा मर्मभाग यापुढे आहे. एकाला मांसाचा तुकडा आणि दुसऱ्याला पाव दिला, तर पाववाल्याने तक्रार केली नाही. कमी-अधिक त्याने मोजले नाही. वगळले जाणे मात्र त्याने मोजले.

या निरीक्षणाने एक प्रचलित समजूत बाद होते. दोन्ही कुत्र्यांना सारखे वागवावे, सारखे खायला द्यावे, सारखे कुरवाळावे, म्हणजे न्याय झाला, अशी ती समजूत आहे. ही समानता माणसाच्या हिशेबी बुद्धीला शोभते. तिने हात झटकता येतात. कुत्र्याला समान वाटा नको आहे. त्याला वाटेकऱ्यांत धरले जायला हवे आहे. पिल्लू आल्यापासून ओसरीवरच्या हाका बदलल्या, फिरायला नेण्याची वेळ चुकली, संध्याकाळी पायाशी बसण्याची जागा दुसऱ्याने घेतली, यांपैकी प्रत्येक गोष्ट त्याच्या लेखी वगळणे आहे. ताटलीत चार घास अधिक टाकून त्याची भरपाई होत नाही.

दुसरी समजूत याच्या उलट टोकाची आहे आणि ती अधिक घातक आहे. ‘त्यांचे ते ठरवतील,’ असे म्हणून बाजूला होणारे लोक प्रत्येक गावात असतात. कळपात एक मुखिया असतो, नव्याने त्याच्यापुढे नमावे, किंवा त्याला हरवावे. माणसाने मध्ये पडू नये. या मताला विसाव्या शतकात शास्त्राचा आधार मिळाला होता. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ साली श्रेष्ठत्वासाठी होणाऱ्या झगड्यांचे वर्णन केले. डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या ग्रंथाने ते सर्वदूर नेले. पुढे उत्तर कॅनडातील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांसोबत अनेक उन्हाळे काढल्यावर याच मेक यांनी १९९९ साली आपले म्हणणे बदलले. मोकळा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरे; तेथे मुखियापद जिंकावे लागत नाही, जसे घरात बापपण जिंकावे लागत नाही. एखाद्या विद्वानाने स्वतःच रूढ केलेली संज्ञा स्वतःच मागे घ्यावी, ही घटना विद्याक्षेत्रात इतकी विरळ आहे की तिचा उल्लेख करताना थोडे थांबावेसे वाटते.

परंतु या दुरुस्तीचा अर्थ अनेकांनी घाईने लावला. शेंकेल चुकले होते असे नव्हे. त्यांनी जे पाहिले ते खरेच होते. त्यांचे लांडगे एका कुटुंबातले नव्हते. निरनिराळ्या ठिकाणांहून आणून माणसाने त्यांना एका कुंपणात ठेवले होते, आणि तेथून कुणालाही निघून जाता येत नव्हते. मोकळ्या रानात जे तरुण लांडगे खटकतात ते दूर जातात, आपले रान शोधतात. कुंपणात ते शक्य नाही, म्हणून दात बाहेर येतात. आता ओसरीकडे पाहावे. एकमेकांचे नसलेले दोन प्राणी, तिसऱ्याने एकत्र आणलेले, फाटक बंद. हे घर एल्समिअरपेक्षा बाझेलला अधिक जवळचे आहे. ‘त्यांचे ते ठरवतील’ हे वाक्य रानात खरे ठरेल. बंद फाटकाच्या आत त्याचा अर्थ एवढाच की, जो दुर्बल आहे त्याने सोसावे. आणि आज दुर्बल कोण आहे, पिल्लू की म्हातारा, हे दोन महिन्यांत पालटणार असते.

लांडग्यांचा विषय जबलपुरात निघाला की सिवनी आठवणे अपरिहार्य आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या प्रदेशावर होता तेव्हापासून, म्हणजे १८१७ साली इंग्रजांनी जबलपूर घेण्याच्या आधीपासून, मराठी माणसे ज्या वाटेने नर्मदेकडे येत राहिली त्या वाटेवर, नागपूर आणि जबलपूर यांच्या साधारण मध्यावर, सिवनी लागते. किपलिंगच्या १८९४ सालच्या ‘जंगल बुक’मधला लांडग्यांचा कळप या सिवनीच्या टेकड्यांतला. खरे लांडगे सभा भरवीत नाहीत, हे सांगण्याची गरज नाही. किपलिंगच्या साम्राज्यनिष्ठेबद्दलही जे म्हणायचे ते पुष्कळांनी म्हटलेले आहे. पण नव्या पिल्लाला कळपात घेण्याची जी रीत त्याने कल्पिली तिच्यात एक न्यायबुद्धी आहे. पिल्लू सर्वांसमोर आणले जाते. सर्वांनी त्याला नीट पाहायचे असते. हरकत घेण्याची मुभा असते. हरकत निघाली तर आईबाप सोडून दुसऱ्या दोघांनी त्याच्या बाजूने बोलावे लागते. माणसाच्या पोरासाठी बाळू अस्वल बोलते, आणि बघीरा नुकत्याच मारलेल्या बैलाची किंमत मोजते. नव्याला आत घेण्याची काही किंमत असते, ती ज्याला नवा हवा आहे त्याने द्यायची असते, आधी असलेल्यांनी नव्हे, असा या रीतीचा अर्थ. नेपियर टाउनच्या घरात ती किंमत सतरंजीवरच्या म्हाताऱ्याकडून वसूल केली गेली, आणि त्याने हरकत घेतली तेव्हा तिला वाईट वागणूक म्हटले गेले.

गुरगुरणे हे काय आहे? संस्कृत सुभाषितकारांनी एका विद्वानाला पाहून दुसरा विद्वान कुत्र्यासारखा गुरगुरतो अशी कोपरखळी मारून ठेवल्यामुळे या क्रियेला कायमची बदनामी चिकटली. वास्तविक ते चावणे नव्हे. चावणे टाळण्याचा तो प्रयत्न आहे. मान वळवणे, ओठ चाटणे, अंग ताठरणे, उठून दूर जाणे, असे सगळे सांगून झाल्यावर जे उरते ते गुरगुरणे. कुत्र्याच्या सभ्यतेतला तो शेवटचा शब्द आहे. जाणते पशुवैद्य सांगतात की, गुरगुरण्याबद्दल ज्याला वारंवार मार किंवा दटावणी मिळते तो कुत्रा शहाणा होत नाही, मुका होतो; आणि मग एके दिवशी कोणतीही सूचना न देता चावतो. अकरा वर्षांच्या कुत्र्याच्या बाबतीत आणखी एक शक्यता असते. त्याच्या मागच्या सांध्यांत दुखणे असते आणि पिल्लू नेमके तेथेच उडी मारते. आपण ज्याला मत्सर म्हणतो तो अनेकदा संधिवात असतो. जबलपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून आहे आणि २००९ पासून तेथे पशुवैद्यकाचे स्वतंत्र विद्यापीठ आहे. तेव्हा ‘पिल्लू आणण्यापूर्वी म्हाताऱ्याला एकदा दाखवून आणा’ असे सांगणे या शहरात तरी काही अशक्य गोष्ट सांगणे नव्हे.

व्यवहाराचे म्हणून जे नियम सांगितले जातात ते याच दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांतील नीती दिसू लागते. दोघांची पहिली भेट घरात न होता बाहेर, दोघांपैकी कुणाचीही नसलेल्या जागी व्हावी, पट्टे सैल असावेत. कारण आपल्या सतरंजीवर उभा असलेला प्राणी पाहुणा म्हणून वागू शकत नाही. येथेही सरळ काही नाही. लसी पुऱ्या न झालेल्या पिल्लाला मोकळ्या कुत्र्यांच्या वावराच्या जमिनीवर ठेवले तर पार्व्होचे भय, आणि लसी पुऱ्या होईतो थांबावे तर ते उघडे आठवडे संपत आलेले. म्हणून त्याला कडेवर घेऊन बाहेर न्यावे लागते. म्हाताऱ्याने खालून वास घ्यावा, त्याला हवे तेव्हा घ्यावा. ताटल्या वेगळ्या, खोल्याही वेगळ्या. म्हाताऱ्याच्या जुन्या वेळा जशाच्या तशा. आणि घरात एक अशी जागा, जेथे पिल्लाला मज्जाव आहे. हा शेवटचा नियम सर्वांत साधा आणि सर्वांत कमी पाळला जाणारा आहे. पिल्लाला अडवणारी एक फळी दारात लावण्यात खर्च काहीच नसतो; पण तशी फळी लावणे म्हणजे दोघांचे जमले नाही अशी कबुली देणे, असे घरातल्यांना वाटते. त्यांना दोघे एकाच सतरंजीवर झोपलेले पाहायचे असतात. त्यांना तसे छायाचित्र हवे असते.

कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्यांचीच चूक अनेकदा या ठिकाणी होते. जे जमवून आणायचे ते प्रेम आहे असे ते धरून चालतात. ते जमते, पुष्कळ वेळा अपेक्षेपेक्षा चांगले जमते. पिल्लाच्या वासाने म्हातारा पुन्हा फाटकापर्यंत धावू लागला, अशी उदाहरणे कुणालाही आठवतील. पण कधी जमत नाही, आणि न जमण्यात कुणाचा दोष नसतो. म्हाताऱ्याने पिल्लावर प्रेम करावे ही मागणी करण्याचा अधिकार आणणाऱ्याला नाही. त्याने इजा करू नये एवढे मागता येईल, आणि त्या बदल्यात त्याला निघून जाण्याची वाट ठेवावी लागेल. एकत्र कुटुंबांच्या आठवणी ज्यांच्या घराण्यांत अजून ताज्या आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. त्या वाड्यांत माणसे पुष्कळ होती, प्रेमही होते. परंतु दार लावून बसता येईल अशी खोली बहुतेकांना नव्हती, आणि ज्यांना नव्हती त्यांची गुरगुर भांड्यांच्या आवाजात ऐकू येत असे.

नेपियर टाउनच्या त्या घरात मुलाची सुट्टी संपते आणि तो जातो. पिल्लू राहते. पहिल्या आठवड्यात दटावणे चालूच असते. मग एके दिवशी म्हातारा उठून आजोबांच्या खोलीत जातो आणि पलंगाखाली शिरतो. पिल्लू मागोमाग जाते. आजोबा पेपर बाजूला ठेवतात, पिल्लाला उचलून उंबऱ्याबाहेर ठेवतात आणि धुण्याची फळी दारात आडवी लावतात. पिल्लू थोडा वेळ रडते. आतून गुरगुर ऐकू येते, एकदाच, फार मोठी नाही. या वेळी त्याला कुणी काही म्हणत नाही. संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा पिल्लू फळीला टेकून झोपलेले असते. आणि पलंगाखालचा म्हातारा पुढे सरकून, फळीपासून हातभर अंतरावर, तोंड दाराकडे करून पडलेला असतो.